आधी नाना, मग यंत्र

हरिहरेश्वरला दर्शनाचा एक क्रम आहे. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर, आणि निघताना पुन्हा कालभैरव. थेट मोठ्या देवापुढे जाऊन उभं राहायची सोय नाही. क्षेत्राची राखण ज्याच्याकडे, त्याला आधी भेटायचं आणि जाताना त्यालाच सांगून जायचं. दहा जणांनी मिळून एखादं यंत्र घेतलं की तिथंही हाच क्रम न ठरवता लागू होतो. फरक इतकाच, की निघताना कालभैरव ‘लेन्स पुसलीत का?’ असं विचारत नाही.

या राखणदाराला आपण नाना म्हणू. नाना ही व्यक्ती नव्हे, प्रकार आहे. सार्वजनिक गणपतीची भांडी, सोसायटीचा पाण्याचा पंप, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली, या सगळ्यांमागे हाच माणूस उभा असतो. आपण त्याला हरिहरेश्वरात सुपारीच्या वाडीलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, लेसर कटरच्या शेजारी उभा करू. शोधायला गेलात तर ही शेड सापडणार नाही. नाना मात्र कोणत्याही गावात सापडतील.

यंत्र वर्गणीतून आलेलं. घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे चार-पाच जण, एक सुतार, शाळेतले विज्ञानाचे सर आणि पर्यटकांना नावाच्या किचेन करून विकणारा एक पोरगा हे सभासद. वर्गणी भरताना प्रत्येक जण ‘आपलं यंत्र’ म्हणत होता. पहिल्यांदा ते बंद पडलं, तेव्हा तेच सभासद दारातून डोकावून विचारू लागले, ‘‘काय नाना, तुमचं यंत्र बंद आहे म्हणे?’’ नाना राखणदार झाले ते त्या दिवशी. त्यांना कुणी नेमलं नाही. बाकीचे दारातून परत गेले आणि नाना आत राहिले.

नानांची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि ‘‘चष्मा कुठं ठेवला रे?’’ ही विचारणा तिसऱ्याची. सदऱ्याच्या खिशात कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. लेन्स आणि आरसे पुसायचे ते याच्यानेच. बाटलीवरचं ‘अल्कोहोल’ वाचून मध्यंतरी काही सभासदांना देखभालीत एकाएकी रस निर्माण झाला होता. नानांनी झाकण उघडून वास दिला आणि तो रस तिथंच आटला.

यंत्राबद्दल नानांना जात्याच आपुलकी आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड भरून तयार होणारा हा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये शोधला तो सी. कुमार एन. पटेल यांनी. पटेलांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. हे सांगताना नानांचा सूर असा, की पटेल वाड्यात शेजारीच राहायला होते. ‘‘म्हणजे यंत्र मुळात आपल्याकडचंच हो,’’ ते म्हणतात, आणि ऐकणारा सुखावतोय असं दिसताच पुढे जोडतात, ‘‘पण आपलं आहे म्हणून कुणीही उठून हात लावावा असं नाही.’’

हात लावण्याआधी रजिस्टर. नाव, वेळ, काय कापणार, किती जाडीचं, कापून झाल्यावर जाळी झाडली का, लेन्स पुसली का. शेवटचा रकाना ‘वास आला का?’ वास आला असेल तर कसला, हेही लिहायचं. किचेनवाल्या पोरानं एकदा तिथं ‘भज्यांचा’ असं लिहिलं. नानांनी चौकशी केली. पोरगा यंत्र चालू ठेवून समोरच्या टपरीवर गेला होता असं निष्पन्न झालं. चालू लेसर सोडून जाणं हा नानांच्या लेखी अक्षम्य गुन्हा, कारण ॲक्रिलिक पेट घ्यायला विचारत नाही आणि विझायला तर मुळीच ऐकत नाही. पोराला पुढचे दोन महिने यंत्राऐवजी जाळीखालच्या ट्रेमधला चुरा काढायचं काम मिळालं. त्या चुऱ्यातच आग लपून बसते, हे त्याला आता वेदवाक्यासारखं पाठ आहे.

नानांची खरी लढाई मात्र सनबोर्डशी. पर्यटकांचा हंगाम आला की एखादे यजमान पांढरा, हलका, स्वस्त फलक काखोटीला मारून येतात. ‘उकडीचे मोदक मिळतील’ अशी अक्षरं कापून हवी असतात. आता सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फेस. लेसरनं तो जाळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. माणसाच्या छातीला तो वाईट आणि यंत्राच्या पोलादाला त्याहून वाईट, कारण दमट हवेत त्याचं आम्ल होऊन रुळांवर, पट्ट्यांवर, स्क्रूंवर गंज चढतो. खाऱ्या वाऱ्यानं आधीच निम्मं काम केलेलं असतं. उरलेलं सनबोर्ड एका दुपारी करतो.

यजमानांना हे रसायन पटत नाही. ‘‘अहो, एवढंसं तर कापायचंय!’’ नाना वाद घालत नाहीत. तांब्याची तार ज्योतीवर लालभडक तापवतात, ती फलकाच्या कोपऱ्याला टेकवतात आणि तार पुन्हा ज्योतीत धरतात. ज्योत हिरवीगार होते. हिरवी म्हणजे क्लोरीन. ‘‘घरी न्या,’’ नाना म्हणतात. इतक्या थोडक्यात आणि इतक्या रंगतदार रीतीनं नकार देणारा दुसरा माणूस तालुक्यात नसेल. काही जण तर हल्ली हिरवी ज्योत बघायलाच पाहुण्यांना घेऊन येतात.

पावसाळा हा नानांच्या चिंतेचा मोसम. नळीत कित्येक हजार व्होल्ट खेळत असतात आणि तिला गार ठेवायला चिलरचं पाणी फिरत असतं. सभासदांना वाटतं, पाणी जितकं गार तितकं बरं. पण आषाढातल्या इथल्या हवेत पाणी फार गार केलं की नळीच्या अंगावर दव धरतं, आरशांवर धरतं, आणि विजेला नको ती वाट सापडते. म्हणून नाना भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा बघून यंत्र सुरू करायचं की नाही ते ठरवतात. समुद्राला भरती असताना प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरू नये हे जसं गावाला कळतं, तसं काटा चढलेला असताना नानांच्या वाटेला जाऊ नये हेही कळतं. पाणीही डिस्टिल्डच हवं. एका उत्साही सभासदानं विहिरीची कळशी ओतली होती. त्या पाण्यात पुढे शेवाळ धरलं. नानांनी ते बरणीत भरून दाराशी ठेवलं आहे, वर त्या सभासदाच्या नावाची चिठ्ठी.

शेडच्या पत्र्यांनाही नानांनी दुप्पट हूक मारून घेतले. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली आणि गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. तेव्हापासून नाना छपराकडे संशयानंच बघतात.

आणि मग येतो गणपती. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि मखर एमडीएफ आणि पुठ्ठ्याकडे वळलं, म्हणजेच लेसरकडे. हरतालिकेच्या आदल्या रात्री मुंबईचे चाकरमानी पेनड्राइव्ह घेऊन शेडबाहेर रांग लावतात. कुणाच्या डिझाइनमध्ये प्रत्येक रेष एकावर एक दोनदा काढलेली, त्यामुळे यंत्र तीच रेष दोनदा कापत बसतं. कुणी व्हॉट्सॲपवरचा फोटोच आणतो आणि ‘‘एवढंच मखर द्या’’ म्हणतो. एक जण माळ्यावर उरलेला थर्माकोल घेऊन येतो. त्याच्याकडे नाना नुसतं बघतात. सगळ्यांना ताकद शंभर टक्के हवी असते, म्हणजे लवकर उरकेल. नाना सत्तरच्या वर जाऊ देत नाहीत, कारण शंभरावर पळवलेली नळी लवकर म्हातारी होते. ‘‘गणपती दरवर्षी येतो,’’ ते बजावतात, ‘‘नळी दरवर्षी येत नाही.’’

अशा माणसाविरुद्ध बंड व्हायचंच. वार्षिक सभेत ठराव आला, की देखभाल एकट्यावर नको, पाळीपाळीनं करू. टाळ्या पडल्या. नाना गप्प बसले. पुढे रजिस्टरमध्ये ‘लेन्स पुसली’ या रकान्यात सह्या सुंदर येत राहिल्या आणि लेन्स काळी होत गेली. पहिल्या आरशाचा स्क्रू कुणीतरी ‘जरासा’ फिरवला. किरण तिसऱ्या आरशापर्यंत पोहोचेना. सरांनी ‘सी’ काढला आणि यंत्रानं फक्त त्याची डावी बाजू कापली. अखेर सगळे नानांच्या पडवीत जमा झाले. नानांनी आधी चहा पाजला, मग आरशांपुढे चिकटपट्टीचे तुकडे लावत, एकेक ठिणगी पाडत, चारही कोपऱ्यांत जळका ठिपका एकाच जागी येईपर्यंत स्क्रू फिरवत बसले. सगळ्यांना त्यांनी बघायला उभं केलं होतं. दोघं खरंच शेवटपर्यंत बघत उभे राहिले: सुतार आणि किचेनवाला पोरगा.

बघून शिकण्याचा विषय निघाला की नाना पाबळचं नाव आदरानं घेतात. शिरूर तालुक्यातल्या त्या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हातानं काम करत शिकायची शाळा. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांची फॅब लॅबची, म्हणजे अशाच यंत्रांच्या सामायिक कार्यशाळेची, कल्पना जगात पसरायच्या आधी, २००२ च्या सुमारास, तिथं येऊन पोहोचली होती. ‘‘तिथली पोरं वापरायलाही शिकतात आणि उघडायलाही शिकतात,’’ नाना म्हणतात. उघडता येत नाही त्यानं वापरू नये, हा त्यांचा त्यातून काढलेला निष्कर्ष. तो पाबळचा नाही, पण वाद कोण घालणार?

बंड मिटलं त्या वर्षी सभासदांच्या समितीनं नानांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि त्याच यंत्रावर कापलेलं ॲक्रिलिकचं स्मृतिचिन्ह. नानांनी ते उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं, नाकाशी नेलं. सभागृह हेलावून शांत झालं. ‘‘फोकस खाली गेलाय,’’ नाना म्हणाले. ‘‘कुणी कापलं?’’ किचेनवाल्या पोरानं हात वर केला आणि स्वतःच म्हणाला, ‘‘नाना, पट्टा ढिला झालाय. उद्या सकाळी ताणून घेतो.’’

नाना क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि मग समितीकडे वळले. आता काही भावपूर्ण ऐकायला मिळणार म्हणून अध्यक्षांनी माइक पुढे केला. नाना म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी सत्कार याचा करा. आणि शाल सुती आणा. लोकरीचे धागे लेन्सवर बसतात.’’