तारे आणि टायर

इंग्लंडात थेम्सकाठच्या ब्रे या खेड्यातल्या दोन रेस्टॉरंटांनी मिशेलिनचे तीन-तीन तारे मिळवले, एकाने 1985 साली, दुसऱ्याने 2004 साली. तारे वाटणारी कंपनी मुळात टायरची. लोकांनी गाड्या फिरवाव्यात, टायर झिजवावेत म्हणून 1900 साली तिने मार्गदर्शिका काढली. मग नांदेड-लातूर रस्त्यावरचे ढाबे काय वाईट? तिथेही दर्जा टायरच ठरवतात. दारात जितके ट्रक, तितका रस्सा झणझणीत. ब्रेत मासे खाताना शंखातून लाटांचा आवाज ऐकवतात. आमच्याकडे हॉर्न फुकट. नदीकाठच हवा असेल तर लातूर सोडा. 2016 साली तिथे पिण्याचे पाणीच मिरजेहून रेल्वेने आले. नांदेडला गोदाकाठी या. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात ना आरक्षण, ना बिल. डोके झाका आणि पंगतीत बसा.