लाइटवाल्या स्विचची दुरुस्ती : नवशिक्यांसाठी सचित्र नसलेली मार्गदर्शिका

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. दिव्याची हौस मात्र उतरली नाही. ती टपावरून डॅशबोर्डवर आली. आता कोणीही नाना पेठेत जाऊन लाल उजेडाचा स्विच विकत घेतो, त्यावर फॉग लॅम्प जोडतो आणि आंबोली घाटात धुकं लागलं की रुबाबात तो दाबतो. दाबल्यानंतर जे होतं किंवा होत नाही, त्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

साहित्य

मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प, पक्कड, इन्सुलेशन टेप, चार जादा फ्यूज, मोबाइलचा टॉर्च आणि तो धरायला घरातलं एक माणूस. हे माणूस शक्यतो मेहुणा नसावं. तो टॉर्च सोडतो आणि मत धरून बसतो.

पूर्वतयारी

वायरींना हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा; स्विच दाबून पाहताना तेवढं परत जोडा. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर दुरूनच नमस्कार करा. त्या एअरबॅगच्या असतात, आणि एअरबॅग चालते की नाही हे पाहण्याची ही पद्धत नव्हे.

स्विचची ओळख

साध्या लाइटवाल्या स्विचला मागे तीन पिना असतात. एकीवर बॅटरीकडून करंट येतो, दुसरीवरून तो फॉग लॅम्पकडे जातो, तिसरी अर्थची. स्विचमधला इवलासा दिवा दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या मध्ये असतो. पुष्कळ स्विचांत अर्थची पिन पितळी रंगाची असते. ती सगळ्यांत देखणी दिसते, म्हणून नवशिका मेन वायर नेमकी तिलाच लावतो.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणेल, ‘कशीही लावा, चालतंय.’ त्यापेक्षा मीटरला विचारा. सुटा स्विच चालू करून कंटिन्युइटी तपासा. ज्या दोन पिनांवर मीटर बीप करतो, त्या करंटच्या, उरलेली अर्थची. आता स्विच बंद करा. अर्थच्या पिनेला निगेटिव्ह द्या आणि बाकी दोघींना आळीपाळीने फ्यूजमधून बारा व्होल्ट देऊन पाहा. जिच्यावर बंद स्विचचाही दिवा लागतो, ती फॉग लॅम्पकडे जाणारी पिन. एवढं कळलं की तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमधल्या निम्म्या सल्लागारांच्या पुढे गेलात.

लक्षण पहिलं : स्विच लागतो, फॉग लॅम्प लागत नाही

हे सर्वांत फसवं लक्षण, कारण आतून सगळं छान दिसतं. स्विचवर लाल उजेड, चेहऱ्यावर समाधान, पुढे काळोख. स्विचच्या दिव्याला फॉग लॅम्पची काहीही खबर नसते. करंट स्विचमधून बाहेर पडला, एवढंच त्याला ठाऊक. तेव्हा स्विच उचकटू नका, पुढे जा. रिले लावलेला असेल, तर स्विच दाबल्यावर तो ‘टक’ करतो का ऐका. करत असेल तर रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिनांवर व्होल्टेज पाहा. तेही असेल तर बल्ब पाहा आणि लॅम्पची अर्थ पाहा. अर्थचा स्क्रू बॉडीच्या रंगावरच आवळलेला असेल, तर करंटला परतीची वाट नाही. रंग खरवडा, पत्रा चमकू द्या, मग आवळा. गाडी नवी असेल तर हे काम घरच्यांची पाठ असताना करावं.

लक्षण दुसरं : फॉग लॅम्प लागतो, स्विच काळाठिक्कर

अर्थच्या पिनेची वायर निघाली आहे, किंवा तुम्ही ती लावलीच नव्हती. ती नीट असेल तर आतला दिवा गेला. असा स्विच काम चोख करतो आणि गाजावाजा करत नाही. कचेरीत अशा माणसाला बढती मिळत नाही, तसा गाडीत हा स्विच टिकत नाही.

लक्षण तिसरं : स्विच बंद, दिवा चालू

येणारी आणि जाणारी वायर उलट लागली आहे. फॉग लॅम्प स्विचप्रमाणेच चालतील, पण स्विचचा दिवा रात्रंदिवस जळेल. जोडणी थेट बॅटरीवरून असेल आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर बॅटरी उतरायला हातभार लागेल. दोन वायरींची अदलाबदल करा. ‘मुद्दाम ठेवलंय, अंधारात सापडावा म्हणून’ हे उत्तर एकदाच चालतं.

लक्षण चौथं : स्विच दाबताच फ्यूज उडतो

अर्थची वायर फॉग लॅम्पच्या पिनेवर बसली आहे. स्विच दाबला की बॅटरीचा करंट सरळ बॉडीत जातो. लॅम्पकडची वायर कुठे सोलून पत्र्याला टेकली असली तरी हेच होतं. इथे नवशिक्याची खरी परीक्षा असते. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल उडाला म्हणून हिरवा लावणारे आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे कारागीर आपल्याकडे आदराने ओळखले जातात. फ्यूज लॅम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो उडाला नाही तर वायर पेटते. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा.

लक्षण पाचवं : सगळं चालतं, पण स्विच गरम होतो

५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे नऊ अँपिअरहून जास्त करंट तुमच्या बोटाखालून जातो आहे. रिले लावला तर तो करंट बॅटरीवरून जाड वायरीने परस्पर लॅम्पकडे जातो आणि स्विचला फक्त रिलेच्या कॉइलपुरता, अँपिअरचा थोडासा अंश पेलावा लागतो. रिलेचे पैसे वाचवून सीटकव्हर घेतलं असेल, तर आधी तेच जळण्याची शक्यता आहे.

सल्लागारांविषयी

बॉनेट उघडलं की माणसं जमतात. एक काका सांगतील की त्यांच्या मारुती ८०० ला असली थेरं नव्हती. दुसरे बॅटरी बदलायला सांगतील. तिसरे नुसतेच म्हणतील, ‘अर्थ बघितलीस का रे?’ या तिसऱ्या काकांना चहा पाजा.

अंतिम चाचणी

स्विच दाबा, लाल उजेड पाहा आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गाडीतून उतरा, पुढे जा आणि दोन्ही फॉग लॅम्प स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पेटले असतील तर अभिनंदन. आता स्विच बंद करा आणि धुकं लागेपर्यंत बंदच ठेवा. समोरून येणाऱ्यालाही रस्ता दिसायला हवा.