कीर्ती, लाखनीच्या अलीकडची

साकोलीच्या बसस्थानकावर उतरून ‘फुटबॉलवाले सर कुठे राहतात?’ असं विचारलं, तर पानठेल्यावरची चार माणसं चार दिशा दाखवतात आणि चारही बरोबर ठरतात, कारण सर घरी कधी नसतातच. सेंदूरवाफ्यात त्यांना चहाचे पैसे पडत नाहीत. लाखनीत ‘कोण, ते कबड्डीवाले का?’ असं विचारतात. भंडाऱ्यात कोणीच काही विचारत नाही. नागपुरात सर स्वतःहून सांगतात.

ते खेळत होते याचा मुख्य पुरावा म्हणजे उजवा गुडघा. पाऊस यायच्या आधी तो कळवतो. रोवणीच्या दिवसांत शेजारी सरांपेक्षा गुडघ्याचीच चौकशी अधिक करतात. विद्यापीठाच्या संघातून सर खेळले हे नक्की. कोणाविरुद्ध, ते मंडईच्या जत्रेगणिक बदलतं. गेल्या मंडईत दंडार सुरू व्हायच्या आत ते मोहन बागानपर्यंत पोचले होते.

सरांचं दैवत फुटबॉलपटू अराता इझुमी. जन्म जपानचा, आई जपानी, वडील मूळचे गुजराती. कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून, पुढे पुणे एफसीकडून. जपानी पासपोर्ट सोडला आणि 2013 साली भारताची जर्सी घातली. नंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत पोरांचा प्रशिक्षक झाला. त्याचं भारतीय नाव नीलकंठ आहे हे कळल्यापासून तो सरांचा ‘आपला नीलकंठ’, जणू चुलबंदच्या काठचाच. त्यांचा हिशेब साधा: कोलकाता आणि मुंबई ही आपल्याच महामार्गाची दोन टोकं, म्हणजे दोघांचा रस्ता एकच. सर मधे राहिले, एवढंच.

“त्यानं देश बदलला गा, तवा भारताकडून खेळला. मी तं जन्माचा भारतीय, मले कोणी विचारलं नाही!”

तसं इझुमीलाही विचारणारे किती? लोकलमध्ये तो शेजारी उभा राहिला, तर आपल्यातले निम्मे त्यालाच क्रिकेटचा स्कोअर विचारतील.

पहाटे मैदानावर गर्दी दांडगी. फुटबॉलची पोरं मोजून अकरा भरत नाहीत. बाकी सगळी पोलीस भरतीची. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढले की पूर्ण गुण. सर शिट्टी फुटबॉलसाठी वाजवतात, धावतात भरतीवाले. त्यांतला कोणी शिपाई झाला की पेढे सरांकडेच येतात, आणि अर्ध्या तालुक्यातली त्यांची कीर्ती खरं तर या पेढ्यांचीच. सर पेढा खातात, पण खाताना म्हणतात, “याचा डावा पाय काय होता गा! वाया गेला पोट्टा.”

परवा एका बापानं इझुमीची अख्खी कथा उभ्यानं ऐकून घेतली. मग विचारलं, “सर, पोट्टा त्या जपानवाल्यापाशी शिकला, तं भरतीत लागन का?”

सरांनी तोंडातली शिट्टी काढली.

“पयले पाच-दहात सोळाशे काढू दे. मंग पाहू जपान.”