वीस हजार लुमेनचे मालक

एका बाजूचा हेडलाइट गेला की मराठी मध्यमवर्गीय गाडीमालक पहिले काही दिवस तशीच गाडी चालवतो. समोरच्याला आपण अंधारात मोटरसायकल वाटतो आहोत, हे त्याच्या गावीही नसतं. मग गणपतीला कोकणात जायचं ठरतं, ताम्हिणीचा नाही तर आंबोलीचा घाट डोळ्यांसमोर येतो आणि स्वारी पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानासमोर उभी राहते.

खरं तर काम पाच मिनिटांचं आहे. त्याच्या वॅगन आरला एच-फोर बल्ब लागतो. १९७१ साली आलेला हा बल्ब अजून निवृत्त झालेला नाही. अप्परला ६० वॉट, डिपरला ५५ वॉट, किंमत दोन-तीनशे रुपये. पण असा साधा बल्ब मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार कणवेनं बघतो.

‘‘हॅलोजन आता कोण घालतं साहेब? एलईडी टाका. घाटात दिवस उजाडेल.’’

काउंटरवर खोका येतो. त्यावर निळ्या प्रकाशात न्हालेली एक जर्मन गाडी, खाली मोठ्या अक्षरांत ‘२०,००० लुमेन’ आणि कोपऱ्यात, मुंगीनं लिहावं तशा अक्षरांत, ‘४० वॉट’. चांगल्यातला चांगला एलईडी एका वॉटमागे शंभर-दीडशे लुमेन देतो. म्हणजे चाळीस वॉटचे चार हजार, फार तर सहा हजार. उरलेले चौदा हजार लुमेन छापखान्यात तयार झालेले असतात. जाता जाता सांगायचं तर एच-फोरकडून आंतरराष्ट्रीय नियमाची अपेक्षा अप्परला १,६५० आणि डिपरला १,००० लुमेन एवढीच आहे. सरळमार्गी आकडा, पण खोक्यावर शोभत नाही.

त्यानंतर केल्व्हिनचा पाठ सुरू होतो. ‘‘हा चार हजार तीनशेवाला, हा सहा हजारवाला, हा आठ हजारवाला. आठ हजारवाला सगळ्यात पॉवरफुल.’’ केल्व्हिन हे फक्त रंगाचं माप आहे. हॅलोजन साधारण ३,२०० केल्व्हिनचा, म्हणून पिवळसर. आकडा चढतो तसा उजेड निळा होत जातो, वाढत नाही. झेनॉनच्या दिव्यांत तर सर्वाधिक उजेड ४,३०० च्या आसपास मिळतो आणि ८,००० च्या निळाईत तो घटतो. हॅलोजनला निळा मुलामा देऊन ‘झेनॉन लुक’ म्हणून विकतात, तेव्हा मुलामा उजेडाचा काही भाग चक्क गिळतो. गिऱ्हाईक कमी उजेडाचे जास्त पैसे मोजून बाहेर पडतं आणि वर म्हणतं, ‘‘काय पांढरा पडतोय!’’ फ्रान्सनं १९३६ मध्ये कायदा करून पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि १९९३ पर्यंत ते टिकवले. तिथला हिशेब बरोबर होता की नाही हा वेगळा वाद, पण निळा उजेड म्हणजे श्रीमंती असं त्या लोकांना साठेक वर्षं वाटलं नाही एवढं खरं.

एलईडी नको असेल तर दुकानदाराकडे ‘शंभर-नव्वदचा’ असतो. गाडीची मूळ वायरिंग ६०/५५ च्या हिशेबानं टाकलेली. तिच्यातून शंभर वॉट ओढायला लागलं की आधी होल्डर वितळतो, मग स्विच तापतो. त्यावर उपाय म्हणून रिले किटही त्याच दुकानात मिळतं. ‘प्लस १३० टक्के’ लिहिलेले ब्रँडेड हॅलोजन हा आणखी एक प्रकार. तो टक्का कायद्यानं ठरवलेल्या किमान उजेडाच्या तुलनेत, रस्त्यावरच्या ठरावीक जागी मोजलेला असतो. तार जास्त तापवून तो मिळवतात, त्यामुळे बल्बचं आयुष्य कमी होतं. खोक्यावर आयुष्याचा आकडा तेवढा ठळक छापत नाहीत.

मात्र या सगळ्या गणितात खरी गोष्ट राहून जाते. एच-फोरच्या पोटात डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे फक्त रिफ्लेक्टरचा वरचा भाग उजळतो आणि तिथून परतलेला झोत रस्त्याकडे झुकतो. वाटीची एक कड पंधरा अंशांनी तिरकी असते. डावीकडून चालणाऱ्या आपल्या देशात तिच्यामुळे डाव्या कडेला उजेड थोडा वर चढतो आणि कडेनं चाललेला पादचारी दिसतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक खळगा त्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला. एलईडीमध्ये तार नसते; सपाट पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवलेल्या असतात. त्या मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी झोत फुटतो आणि झाडांच्या शेंड्यांवर, पाट्यांवर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मालकाला मात्र बोनेटपुढचे दहा फूट लखलखीत दिसतात आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. जवळचं जितकं उजळ, तितक्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं तितकंच कमी दिसतं. पण लांबचं दिसत नाही हे दिसत नसल्यामुळे तक्रारीचा प्रश्न येत नाही.

एलईडीच्या मागे पंखा असतो. तो मूळ रबरी बुटात मावत नाही, म्हणून मेकॅनिक ब्लेडनं बूट कापतो. पहिल्याच पावसाळ्यात त्या भोकातून दमट हवा आत शिरते आणि रिफ्लेक्टरची चांदी जाते.

जर्मनीत ऑसराम कंपनीनं २०२० साली हॅलोजनच्या जागी बसणारा एलईडी बल्ब अधिकृत परवान्यानं बाजारात आणला. त्यासोबत गाड्यांची यादी होती: अमुक मॉडेलला चालेल, बाकीच्यांना नाही. आपल्याकडच्या खोक्यावर ‘सर्व गाड्यांना बसेल’ असं असतं, यादीचा व्याप नाही. कायदा आपल्याकडेही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १०६ व्या नियमानं समोरच्या माणसाचा डोळा कुठे असेल तेही सांगून ठेवलं आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, ०.५ मीटर उजवीकडे, जमिनीपासून १.५ मीटर उंच. त्या डोळ्याला दिपवायचं नाही. गाडीत परवानगीशिवाय बदल केल्यास एका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशीही तरतूद आहे. एकेकाळी हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासत. दिसायला ओंगळ, पण डोळा कुठे असतो हे त्या रंगाऱ्याला नियम न वाचता कळलेलं होतं.

दुकानदाराला जाहिरातीवर खर्च करावा लागत नाही. रोज रात्री महामार्गावर ती फुकट होते. एलईडीवाल्यानं दिपवलेला माणूस पुढच्या आठवड्यात ‘आपल्यालाही तसलेच’ मागायला येतो.

आता स्वस्त उपायांचं बोलू, जे दुकानात टांगता येत नाहीत. जुन्या गाडीची हेडलाइटची काच काच नसतेच. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हानं पिवळी, धुरकट पडते. पॉलिश केली की जुनाच बल्ब नवा वाटतो. होल्डर गंजला किंवा अर्थिंग ढिलं असलं आणि बल्बपर्यंत दहा टक्के व्होल्टेज कमी पोचलं, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. शिवाय डॅशबोर्डवर शून्यापासून आकडे असलेलं एक चाक असतं. शून्य म्हणजे गाडीत एकटा ड्रायव्हर. माणसं आणि सामान वाढलं की मागची बाजू दबते, नाक वर होतं, तेव्हा चाक फिरवून झोत खाली आणायचा. आपला मालक ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं तीनवर नेऊन बघतो, उजेड जवळ येतो, ‘हे बिघडलंय’ म्हणून पुन्हा शून्यावर आणतो. मग पाच माणसं, आंब्याच्या पेट्या आणि शून्य, असा घाट चढला जातो.

गिऱ्हाईक एलईडी घेऊन निघतं तेव्हा दुकानदार काउंटरखालून पिवळ्या काचांचे चष्मे काढतो. ‘‘रात्री समोरच्यांचे लाइट फार लागतात ना? हा घाला, त्रास होणार नाही.’’ बॉस्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे चष्मे घालून सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली, तेव्हा समोरून झगझगीत उजेड येत असताना पादचारी ओळखायला त्यांचा उपयोग झाल्याचं आढळलं नाही. नाना पेठेत मात्र त्यांचा खप चांगला आहे आणि एलईडीच्या जोडीबरोबर घेतले तर दुकानदार थोडं कमीही करतो.