लाला दीनदयाळ आधी आपले!

"वहिनी, नळ जाईपर्यंत आहात ना इथेच? मग ऐका. परवा नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टपायी माझी अख्खी दुपार लाला दीनदयाळांत गेली."

"ते निजामाचे फोटोग्राफर? हैदराबादवाले?"

"बघा, तुम्हीपण तेच! अहो, हैदराबाद फार नंतरचं. माणूस मूळचा मेरठजवळच्या सरधन्याचा, जन्म १८४४ चा, घर जैन सराफांचं. रुडकीला इंजिनिअरिंग शिकला आणि १८६६ मध्ये नोकरीला आला तो आपल्या इंदुरात. पीडब्ल्यूडीत, नकाशे नि एस्टिमेटं करायला."

"म्हणजे पक्की सरकारी नोकरी!"

"पक्की! पण हाताला कॅमेरा लागला ना. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला, डेलीसाहेबांकडे शब्द टाकला. तेच हो, ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज. मग काय, साहेब लोकांत ऊठबस. ग्रिफिन नावाच्या अशाच एका साहेबाबरोबर सांची, ग्वाल्हेर, खजुराहो पालथं घातलं, १८८६ ला त्याचं जाडजूड पुस्तक निघालं."

"तेव्हा काय, बटण दाबलं की झालं?"

"कसलं बटण! सुरुवातीच्या काळात काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची. आपल्या मे महिन्यात काय होत असेल, विचार करा. इथे माझे पापड तासात वाळतात."

"आणि घरातले म्हणत असतील, हे काय नवं खूळ!"

"म्हणाले असतीलच. ते कुठे लिहिलेलं नाही, पण बायको सरकारी पगार सोडू देते का सुखासुखी? यांनी सोडला. सिकंदराबादेत स्टुडिओ, मग मुंबईत. सहाव्या निजामानं राजा केलं, व्हिक्टोरिया राणीकडूनसुद्धा नेमणूक आली. मला आवडलं ते वेगळंच. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी निराळा स्टुडिओ काढला. कॅमेऱ्यामागे बाई, आत पुरुषाला मज्जाव."

"चांगलं केलं. आमच्या आजेसासूबाईंचा एक फोटो नाही घरात. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायच्या."

"आणि जगल्या किती?"

"नव्वदीपार!"

"तर मग! त्यांचंच खरं निघालं. लालाजी मात्र १९०५ मध्येच गेले, साठी-एकसष्टीत. पुढे १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी कला केंद्रानं त्यांच्या २,८५७ काचा घेतल्या. २००६ मध्ये टपाल तिकीटही निघालं. सगळीकडे मान, आणि आपल्या राजवाड्यावर कुणाला विचारा, दीनदयाळ म्हटलं की लोक भलत्याच दीनदयाळांचा पत्ता सांगतात."

"खरंय. सराफ्यात खाऊन येतील, पण हे नाही ठाऊक."

"म्हणून मी नातवाला पहिलंच वाक्य घालायला लावलं, की कॅमेरा त्यांनी इंदुरात हाती घेतला. बाईंनी मार्क कापले तर मी जाते शाळेत."

"जा हो. पण काकू, एक सांगा, नोकरी मध्येच सोडली तर पेन्शन मिळाली का त्यांना?"

"निजामानं राजा केलेल्या माणसाचं तुम्हाला पेन्शनचं पडलंय!"

"मग? राजेपणावर किराणा येतो का?"