मोंढ्यातले नेतृत्वशास्त्र

पाटी 'अँड सन्स'ची असो की 'प्रायव्हेट लिमिटेड'ची, कार्यसंस्कृती ही आता आडत दुकानातही लागते. पुण्या-बंगळुरात ती शिकवायचे सल्लागार भरपूर पैसे घेतात. गंगाखेडच्या शेठ-सावकारांसाठी पुढील नियम मोफत आहेत. हमाली-तोलाई तेवढी वेगळी.

१. ध्येयवाक्य लावा. 'आपण सारे एक कुटुंब' असा फ्लेक्स गादीच्या मागच्या भिंतीवर टांगावा. फोटो आपला मोठा, वाक्य लहान. पाठीमागे असल्यामुळे ते आपल्याला वाचावे लागत नाही.

२. कुटुंब कधी आणि हिशेब कधी, हे ओळखा. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रात्री उशिरापर्यंत पोती उचलायची असतात, तेव्हा हमाल घरचा. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, "शेठ, मागची हमाली राह्यलीय." यावर दुखावल्या आवाजात म्हणावे, "आरं, घरच्या माणसानं हिशेब मागावा का?" आणि त्याने उचल मागितली, की मुनीमजींनी लगेच वही उघडावी.

३. दार सर्वांना उघडे ठेवा. दुकानाला शटर असल्याने हे आपोआप साधते. कोणी गाऱ्हाणे घेऊन पायरी चढलाच, तर मोबाइल कानाला लावावा. पलीकडे कोणी असलेच पाहिजे असे नाही.

४. यशापयश वाटून घ्या. तुरीचा भाव चढला, तर ती मालकाची दूरदृष्टी. ओल लागून माल परत आला, तर तो थप्पी लावणाऱ्याचा हलगर्जीपणा.

५. चारचौघांत कौतुक करा. लक्ष्मीपूजनाला पेढ्यांचा बॉक्स देतानाचा फोटो ग्रुपवर टाकावा. पावशेर पुरे, फोटोत वजन दिसत नाही.

६. कायद्याचा आदर करा. राज्याचा माथाडी-हमाल कायदा १९६९ चा. एवढ्या वडीलधाऱ्या कायद्याला कामाला लावणे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

७. जनाबाईचा आदर्श सांगा, पण जपून. संत जनाबाई आपल्या गंगाखेडची. पंढरपुरात दामाशेटींच्या घरी तिने दळण-कांडण केले, झाडलोट केली, शेण गोळा केले आणि अभंगाखाली स्वतःला नामदेवांची दासी म्हणवले. असा कामगार कोणत्या मालकाला नको असेल? कीर्तन मात्र इथेच आवरते घ्यावे. पुढे खुद्द विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला बसतो, गोवऱ्या वेचू लागतो. ते ऐकताच सगळे हमाल एकदम गादीकडे बघतात.

हे सातही नियम पाळून माणसे टिकत नसतील, हंगामाच्या ऐन भरात पुण्याची गाडी धरत असतील, तर आठवा नियम आहे. तो कोणताच सल्लागार सांगत नाही, कारण त्याची फी लावता येत नाही. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेली हमाली त्याच दिवशी हमालाच्या हातावर ठेवा, आणि ट्रॉली रिकामी होत असताना एकदा तरी गादीवरून उठून पोत्याला दुसऱ्या बाजूने हात घाला. मग फ्लेक्स काढून टाकला तरी चालेल.