तर्री तेजीत, समोसा स्थिर

नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीत जिरं, धणे आणि मिरचीची दलाली करणाऱ्या माणसाला हॉटेलात खाण्याचा आणि खाल्लेल्यावर लिहिण्याचा नाद लागला की काय होतं, ते पाहायचं असेल तर भाऊंना भेटावं. नाव सांगत नाही. या ओळीत 'भाऊ' अशी हाक मारली की निम्मी ओळ वळून पाहते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हाच नाद आहे.

भाऊंचं पोट बेताचं. अर्धी प्लेट खातात आणि पानभर लिहितात. लिहितात ते पेढीवरच्या मागच्या वर्षीच्या डायरीत. सकाळी दुकानांची शटरं वर जायच्या आत ते सगळ्या ओळीच्या मोबाइलवर पोचलेलं असतं. बाकीचे खाद्यलेखक 'जिभेवर विरघळणारं', 'थेट बालपणात नेणारं' असं काहीबाही लिहितात. भाऊंना ते जमत नाही. त्यांनी जन्मभर एकच वाङ्मय वाचलं, ते म्हणजे बाजारभाव. तेव्हा त्यांचं खाद्यलेखन असं उतरतं :

'शहीद चौक : समोसा स्थिर. आकारात घट, वाटाण्याची आवक नाममात्र. कढीला उठाव. गांधीबाग : जिलबी नरम, कालचा साठा काढण्याकडे कल. महाल : पाटवडी-रस्सा तेजीत, दुपारी एकनंतर माल नाही. मस्कासाथ : आलूबोंड्यात सौदे झाले नाहीत, तेल जुनं.'

मला विचाराल तर ही भाषा बरी. त्या चार ओळींत कुठं जावं आणि कुठं जाऊ नये हे कळतं. विरघळण्याच्या वर्णनातून ते कळत नाही.

भाऊंची पारख मात्र खरी आहे, तिची थट्टा करता येत नाही. जिरा राइस समोर आला की ते भाताला हात लावत नाहीत. आधी चार दाणे जिरं वेचून तळहातावर चोळतात, हुंगतात आणि 'हे उंझ्याचं नाही' असं सांगून टाकतात. पोह्यांवरच्या तर्रीचा रंग पाहून मिरची ओळखतात. "रंग ब्याडगीचा हाय, तिखट तेजाचं. भिवापुरी म्हणून सांगून राहिला, पण भिवापुरी याच्या दारावरून बी गेली नाही." पोहेवाला कढईत झारा आपटतो. त्याला माहीत असतं की भाऊ बरोबर बोलताहेत, आणि हेही माहीत असतं की मागे आठ गिऱ्हाइकं उभी आहेत.

सावजी भोजनालयात तर ते परीक्षकाच्या थाटात बसतात. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण. हातमाग थंडावत गेले तशी घराघरांतून भोजनालयं निघाली आणि जवसाच्या तेलातला तो काळपट रस्सा वेशीबाहेर गेला. या मसाल्यात 32 जिन्नस असतात असं नागपुरात लहान पोरही सांगतं. भाऊ यादी मागतात. मालक दगडफूल, जायपत्री, खसखस, सुंठ असं करत चौदा-पंधरापर्यंत येतो आणि हसतो. भाऊ गंभीरपणे डायरीत लिहितात : 'सतरा जिन्नस बेहिशेबी.' त्यांचा खरा राग असा की मसाल्याचा सगळा कच्चा माल इतवारीतून जातो आणि तरी इतवारीला हिशेब लागू नये! एकदा पुण्याच्या पाहुण्याला त्यांनी 'सुंदरी' खायला घातली. पाहुण्यानं नाव ऐकून आनंदानं मागवली होती. बकऱ्याचं आतडं आहे हे भाऊंनी दुसरी वाटी संपल्यावर सांगितलं, कारण मधे सांगितलं असतं तर अभिप्राय दूषित झाला असता.

संत्रा बर्फीबद्दल त्यांचं मत कडक आहे. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या मागेपुढे, मृगाचं फेब्रुवारी-मार्चात. जूनमध्ये कुणी ताज्या संत्र्याची बर्फी म्हणून डबा पुढं केला की भाऊ चष्म्यावरून पाहतात. "शीतगृहाचं भाडं बी जोडलं काय याच्यात?"

पुस्तकंही वाचतात. वहिनींना आहेरात आलेली 'रुचिरा' त्यांनी पहिल्या पानापासून वाचली, आणि कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली घराघरांत पोचवलेल्या त्या पुस्तकावर त्यांचा आक्षेप एकच : एक वाटी म्हणजे कोणाची वाटी? "आमच्याच घरी चार मापाच्या हायेत." वहिनींनी शांतपणे सांगितलं की जी हाताला लागेल ती. वजनमापाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे उत्तर सोसवत नाही. 1875 सालचं 'सूपशास्त्र' नावाचं पुस्तक आहे हे कळल्यावर त्यांना जरा धीर आला, कारण तेव्हा व्यवहार शेर-पावशेरात होता. पुलंचं 'माझे खाद्यजीवन' त्यांना फार आवडतं. फक्त एवढं खाऊन माणसानं कुठंच भाव दिलेला नाही, याची हळहळ वाटते.

रविवारी भाऊ पश्चिमेला निघतात. 2022 च्या डिसेंबरात मेट्रो पूर्व नागपुरात आली आणि चितार ओळ चौकात बसून शंकरनगरला उतरणं सोपं झालं. तिथून धरमपेठेतला कॅफे. भाऊ कॅपुचिनो मागवतात, 220 रुपये. कप आला की रुमालावर हिशेब सुरू. कॉफी पावडर 18 ग्रॅम, दूध दीडशे मिली, साखर आपली आपण. पस्तीस रुपयांच्या वर आकडा जात नाही.

"बाकी एकशे पंच्याऐंशी कायचे, बेटा?"

"सर, अॅम्बियन्सचे."

"ते किलोनं देता का नगानं?"

पोरगं हसतं, कारण भाऊ दर रविवारी हेच विचारतात. मग फेसाचा विषय निघतो. "तिसरा हिस्सा हवा हाय कपात. एवढी घट दाखवली असती तर आमच्या ओळीत मले कोणी उभं केलं नसतं." फेस खाली बसेपर्यंत थांबून भाऊ उरलेल्या कॉफीचं माप घेतात, आणि मग अडीच तास तिथंच बसतात. आठवडाभर गादीवर मांडी घालून, दोन फोन कानाला लावून बसणाऱ्या माणसाला इथं खुर्चीला पाठ आहे आणि कोणी जिऱ्याचा भाव विचारत नाही. हे मात्र डायरीत येत नाही. तिथं फक्त 'धरमपेठ : कॉफीत सट्टा' एवढंच असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारीच्याच भागातून निघते. काळी तर 1881 पासून. तिच्याबरोबरच्या बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत सगळ्यांची हजेरी होते. भाऊंनी एका वर्षी मंडळाकडे प्रस्ताव दिला की यंदाचा बडगा अनलिमिटेड थाळीचा करा. तिसऱ्या पोळीनंतर जो वाढपी दिसेनासा होतो त्याचा पुतळा, हातात रिकामी बादली. शिवाय कागदाच्या स्ट्रॉलाही 'घेऊन जा गे मारबत' म्हणावं, अशी पुरवणी मागणी. मंडळानं ऐकून घेतलं आणि वर्गणीची पावती फाडली.

या वहीत वहिनींच्या गोळाभाताचा भाव कधी जाहीर होत नाही. ओळीतल्या एकानं विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "तिथं एकच व्यापारी हाय. मक्तेदारीत भाव फुटत नसते."

गेल्या महिन्यात त्यांनी चौकातल्या पोहेवाल्याबद्दल भरभरून लिहिलं : 'तर्री-पोहे जोरदार तेजीत. मागणी पुरवठ्याहून जास्त. कल वरच.' दुसऱ्या दिवशी ठेल्यापाशी उभं राहायला जागा नव्हती. भाऊंची प्लेट पाऊण तासानं आली. वरून तर्री मागितली, ती इथं सगळ्यांना फुकट असते. निघताना पोहेवाल्यानं पाच रुपये जादा मागितले.

"काऊन बे?"

"तुम्हीच लिवलं ना भाऊ, कल वर हाय."

मागणी वाढली की भाव चढतो, हे भाऊंनी आयुष्यभर इतरांना ऐकवलेलं. त्यांनी पाच रुपये मोजले आणि रात्री डायरीत लिहिलं, 'तर्री-पोहे : अचानक मंदी.' सकाळी ठेल्यावर पोचले तर पोहेवाल्यानं मोबाइल बाजूला ठेवत त्यांच्यासमोर अर्धीच प्लेट सरकवली.

"मंदीत माल कमीच काढतो, भाऊ."